जत्रा कुणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंढरपूरला जाणाऱ्याला दोन रांगा ठाऊक असतात. एक पदस्पर्श दर्शनाची आणि दुसरी मुखदर्शनाची. पहिलीत तासन् तास उभं राहायची तयारी लागते. दुसरीत लांबून मुख दिसतं आणि माणूस पुढे सरकतो. मुखदर्शनाच्या रांगेतून बाहेर पडलेला माणूस 'पायावर डोकं ठेवायला मिळालं नाही' म्हणून तक्रार करत नाही. कारण कोणत्या रांगेत काय मिळणार, हे त्याला आत शिरतानाच माहीत होतं. ज्याला नुसते चुरमुरे, बुक्का आणि तुळशीची माळ घ्यायची आहे, तो तर रांगेकडे न वळता थेट दुकानाकडे जातो. एकाच गावात, एकाच दिवशी इतक्या वेगवेगळ्या अपेक्षा घेऊन लोक येतात आणि बहुतेक जण समाधानानं परततात.

आज ज्या जत्रेबद्दल बोलायचं आहे, ती देवाची नाही. ती हातानं वस्तू बनवणाऱ्या हौशी लोकांची आहे. गेल्या काही वर्षांत या जत्रेत दोन रांगांची सरमिसळ झाली आहे आणि त्यामुळे हौसेनं आलेली माणसं हिरमुसून परत जातात, असं घडू लागलं आहे. हे का होतं, ते पाहू.

अमेरिकेत २००५ साली 'मेक' नावाचं एक मासिक निघालं. घरच्या घरी यंत्रं जुळवणाऱ्या, जुन्या वस्तू उघडून नव्या करणाऱ्या, विजेची खेळणी बनवणाऱ्या लोकांसाठी ते होतं. डेल डोहर्टी हे त्याचे संस्थापक. या लोकांना 'मेकर' हे नाव रूढ झालं ते त्या मासिकामुळे. पुढच्याच वर्षी, म्हणजे एप्रिल २००६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटेओ गावच्या जत्रेच्या मैदानावर त्यांनी 'मेकर फेअर' भरवली. शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, गावातली जत्रा आणि कारागिरांचा बाजार या तिन्हींचं ते मिश्रण होतं. एक मेज, मेजावर वस्तू आणि मेजामागे ती वस्तू बनवणारा माणूस. तुम्ही विचारायचं, त्यानं सांगायचं. डाक देणं, म्हणजे सोल्डरिंग करणं, मुलांना तिथल्या तिथे शिकवलं जाई. पुढे हे नाव परवान्यावर घेऊन चाळीसएक देशांत अशा जत्रा भरू लागल्या.

त्या जत्रेची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथे येणारा माणूस अमुक एका व्यक्तीला भेटायला येत नव्हता. मेजामागच्या माणसाचं नाव त्यानं आधी ऐकलेलंच नसायचं. त्याला बघायची असायची ती वस्तू. माणसाची ओळख व्हायची ती वस्तूच्या निमित्तानं, आणि तीही बोलण्यातून.

मधल्या काळात यूट्यूब आलं. जो माणूस आपल्या गॅरेजमध्ये एकटाच खटपट करायचा, तो कॅमेरा लावून ती खटपट जगाला दाखवू लागला. अशा माणसांना आता 'क्रिएटर' म्हणतात. त्यांच्यातल्या काहींचे प्रेक्षक लाखांत मोजावे लागतात. या क्रिएटरांना आणि त्यांच्या प्रेक्षकांना एका छताखाली आणणारं 'विडकॉन' नावाचं संमेलन हँक आणि जॉन ग्रीन या दोघा भावांनी २०१० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलं. हे दोघे स्वतः क्रिएटरच. तिथे मात्र लोक येत होते ते माणसांना भेटायला. म्हणजे जत्रा दोन प्रकारच्या झाल्या. एक वस्तू पाहायची आणि दुसरी माणूस पाहायची. दोन्हींची मैदानं वेगळी होती, तोवर अडचण नव्हती.

२०१९ च्या जूनमध्ये मेकर फेअर चालवणाऱ्या कंपनीकडचे पैसे संपले. सगळ्या बावीस कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावं लागलं. डोहर्टींनी महिन्याभरातच नव्या नावानं संस्था पुन्हा उभी केली खरी. पण सॅन मॅटेओची ती मोठी जत्रा तिथे पुन्हा भरली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती परतली, ती दुसऱ्या गावी. त्याच वर्षी जुलैमध्ये विल्यम ऑस्मन या यूट्यूबवरच्या विनोदी आणि धडपड्या अभियंत्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर 'ओपन सॉस' नावाची नवी जत्रा भरवली. नावातच 'ओपन सोर्स' या शब्दावर कोटी आहे. एका बाजूला मेकरांची मेजं आणि दुसऱ्या बाजूला रंगमंच, त्यावर नामवंत क्रिएटरांच्या गप्पा, असा तिचा घाट. २०२५ साली ही जत्रा सॅन मॅटेओच्या त्याच मैदानावर आली, जिथे २००६ साली पहिली मेकर फेअर भरली होती. मैदान तेच, मेजंही तशीच. पण आता तिकीट खिडकीवर येणारा माणूस दोन वेगळ्या कारणांनी येतो. काही वस्तू पाहायला येतात, काही माणूस पाहायला. तिकीट दोघांचं एकच.

यात बिघडतं कुठे? आधी साधा हिशेब करू.

समजा, एका लोकप्रिय क्रिएटरनं ठरवलं की आलेल्या प्रत्येकाला एक मिनिट द्यायचं. हस्तांदोलन, एक फोटो, दोन शब्द. दिवसाचे सहा तास तो न थकता उभा राहिला, तर ३६० माणसं होतील. दोन दिवसांत ७२०. त्याला भेटायच्या इच्छेनं पाच हजार लोक आले असतील, तर चार हजारांहून अधिक लोक भेट न होताच घरी जाणार. यात क्रिएटरचा उद्धटपणा नाही, संयोजकांचा गलथानपणाही नाही. हा नुसता भागाकार आहे. विडकॉनसारख्या संमेलनात म्हणूनच भेटीसाठी सोडत काढण्याची पद्धत आली. नाव निघालं तर रांगेत उभं राहा, नाही निघालं तर मंचावरचा कार्यक्रम लांबून पाहा. म्हणजे आपलं पदस्पर्श आणि मुखदर्शन!

पण भेट न झाल्याचं दुःख इतकं मोठं का असतं? याचं उत्तर १९५६ साली देऊन ठेवलेलं आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्या संदर्भात एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की निवेदक कॅमेऱ्याकडे किंवा माइककडे पाहून बोलतो, पण ऐकणाऱ्याला तो आपल्याशीच बोलतो आहे असं वाटतं. रोज ऐकून ऐकून श्रोता त्याला आपला मित्र मानू लागतो. ओळख खरी असते, पण ती एकाच बाजूनं. आपल्या रेडिओच्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा अमीन सयानींच्या 'बहनो और भाइयो' या हाकेत किती घरांनी स्वतःला त्यांचे बहीण-भाऊ मानलं! पत्रांचे ढीग पडत. आता तो निवेदक प्रत्यक्ष समोर आला आणि त्यानं आपल्याला ओळखलंच नाही, तर काय वाटेल? बारा वर्षांच्या मुलाला तर फारच लागतं. ज्याच्याबरोबर आपण शंभर संध्याकाळी घालवल्या, त्याच्या लेखी आपण त्या दिवशीच्या रांगेतला दोनशे चाळिसावा चेहरा असतो.

हा झाला अपेक्षाभंगाचा पहिला प्रकार. दुसरा प्रकार वस्तूच्या बाबतीतला आहे आणि तो जास्त सूक्ष्म आहे.

व्हिडिओतलं यंत्र वीस मिनिटांत जन्माला येतं. त्यामागे सहा महिने गेलेले असतात. चाळीस वेळा फसलेला प्रयोग व्हिडिओत चार सेकंदांच्या विनोदात बसतो आणि एक्केचाळिसाव्या खेपेला तो जमला की संगीत वाजतं. काटछाट करणाराच्या कात्रीनं कंटाळा कापून टाकलेला असतो. जत्रेत मात्र कात्री नसते. तिथे यंत्र मेजावर असतं, तेही प्रवासात हादरलेलं. बॅटरी उतरलेली असते. एखादी तार सुटलेली असते आणि मेकर मेजाखाली वाकून ती शोधत असतो. पाहणारा दोन मिनिटं थांबतो आणि 'हे चालतच नाही' म्हणून पुढे जातो. पुढच्या दहा मिनिटांत ते यंत्र चालू होतं, तेव्हा समोर कुणीच नसतं.

मेकरच्या बाजूनं विचार केला, तर खरं मोल इथेच मोजावं लागतं. आपल्या नोकरीतून वेळ काढून त्यानं किंवा तिनं वर्षभर ते यंत्र बनवलेलं असतं. रजा टाकून, गाडीत सामान भरून, दूरच्या गावाहून ते आणलेलं असतं. अपेक्षा एवढीच, की कुणीतरी येऊन विचारावं, 'हा भाग असाच का केला?' ज्याला त्यातलं कळतं अशा एका माणसाशी पंधरा मिनिटं बोलणं झालं, तरी वर्षाच्या कष्टाचं चीज झालं असं वाटतं. पण हॉलच्या एका टोकाला प्रसिद्ध माणूस दिसला की गर्दीचा लोंढा तिकडे वळतो. मेजांच्या मधल्या वाटेवर रांग येऊन उभी राहते. ती माणसं मेजाला पाठ करून उभी असतात आणि मागच्या मेजांपर्यंत कुणालाच पोचता येत नाही. तिथल्या मेकरला दिवसभरात सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असतो, 'स्वच्छतागृह कुठे आहे?' असा मेकर पुढच्या वर्षी येत नाही. दरवर्षी असे काही जण कमी होत गेले, तर काही काळानं जत्रेत मंच उरेल, प्रेक्षक उरतील आणि मेजं नसतील. मग ती जत्रा वस्तू बनवणाऱ्यांची राहणार नाही.

आता कुणी म्हणेल, मग प्रसिद्ध माणसं बोलवायचीच कशाला? इथे क्रिएटरची बाजूही ऐकली पाहिजे. मोठा हॉल भाड्यानं घ्यायचा, वीज, विमा, पहारेकरी, अग्निशमनाची सोय, या सगळ्याला पैसा लागतो. तो तिकिटांतून येतो, नाहीतर प्रायोजकांकडून. प्रायोजक मागे हटले की काय होतं, ते २०१९ साली दिसलंच. निनावी मेकरच्या नावावर हजारो तिकिटं विकली जात नाहीत. क्रिएटरच्या नावावर जातात. त्याच्या नावानं हॉलचं भाडं निघतं आणि त्याच नावानं अशी गर्दीही येते, जिला मेजावरच्या वस्तूत रस असेलच असं नाही. खरी अडचण ही आहे आणि ती कुणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. शिवाय त्या गर्दीत अशीही मुलं असतात, जी चेहरा पाहायला येतात आणि एखाद्या मेजापाशी अडकून पडतात. ज्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता, ती मुलं घरी जाऊन पहिलं यंत्र उघडतात. क्रिएटर नसता, तर ही मुलं जत्रेच्या दारापर्यंतही आली नसती.

म्हणजे प्रसिद्ध माणूस हवा आणि मेजही वाचलं पाहिजे. हे जमतं का? जपानकडे पाहिलं, तर जमतं असं दिसतं.

टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये 'कॉमिक मार्केट' नावाचा एक छोटा बाजार भरला. हौशी चित्रकार-लेखकांनी स्वखर्चानं छापलेल्या पुस्तिका तिथे विकायला होत्या. ३२ मंडळं होती आणि सुमारे सातशे माणसं आली होती. आज तो 'कोमिके' या नावानं ओळखला जातो आणि वर्षातून दोनदा भरतो. २०१९ साली उन्हाळ्यातल्या चार दिवसांत सात लाखांहून अधिक लोक आले. इतक्या गर्दीत आपल्याकडे काय होईल, याची कल्पनाच करावी! पण तो बाजार चालतो, कारण त्याचा एक मूलभूत नियम आहे. तिथे 'गिऱ्हाईक' कुणीच नाही. विकणारा, घेणारा, व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक, सगळे 'सहभागी' असंच मानलं जातं. घेणाऱ्यालाही सांगितलं जातं, की तू इथे सेवा घ्यायला आलेला नाहीस, हा बाजार उभा करण्यात तुझाही वाटा आहे. गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस 'मला काय मिळालं' असं विचारतो. सहभागी म्हणून आलेला माणूस रांग सरळ ठेवतो.

नुसत्या तत्त्वानं भागत नाही, म्हणून तिथे दोन व्यावहारिक उपायही आहेत. एक म्हणजे जाडजूड सूचीपुस्तक. कोणतं मंडळ कुठे बसलं आहे, हे त्यात नकाशासह दिलेलं असतं. लोक आधी अभ्यास करून येतात. दुसरा उपाय मला फार आवडतो. ज्या मंडळांकडे मोठी गर्दी होणार, त्यांना हॉलच्या भिंतीलगत बसवतात. त्यांची रांग भिंतीतल्या मोठ्या दारांतून बाहेर नेता येते. त्यामुळे मधल्या छोट्या मेजांच्या वाटा मोकळ्या राहतात. प्रसिद्धीला जागा दिली, पण ती कुणाच्या वाटेत येणार नाही अशी दिली.

यावरून मेकरांच्या जत्रांनी काय घ्यावं? तीन गोष्टी सुचतात. पहिली, तिकिटावरच स्पष्ट लिहावं: अमुक क्रिएटर मंचावर बोलतील, भेट सोडतीनं मिळेल, नाव निघालं नाही तर भेट होणार नाही. खोटी आशा विकून आलेला पैसा पुढच्या वर्षी परत येत नाही. दुसरी, मेजावरच्या यंत्राला वेळ द्यावी. 'हे यंत्र अकरा, एक आणि तीन वाजता चालेल' अशी पाटी असली, तर पाहणारा त्या वेळी येतो आणि मेकरला मधल्या वेळात सुटलेली तार जोडता येते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. येणाऱ्याच्या हाताला काम द्यावं. डाक द्यायला शिकवणारा साधा कोपरा असला आणि मुलाच्या हातून एक छोटा दिवा लागला, तर क्रिएटर भेटला नाही याचं दुःख निम्मं होतं. आणि त्या कोपऱ्यात तो क्रिएटरच तासभर मुलांबरोबर बसला, तर दोन्ही रांगा एकाच ठिकाणी सुखानं मिळतात.

हा सगळा दूर देशीचा कारभार वाटेल, पण तसं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, हे त्याचं सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं आपल्या देशाबाहेर 'फॅब लॅब' नावाच्या कार्यशाळा उभ्या करायला सुरुवात केली, तेव्हा अगदी पहिल्यांपैकी एक २००२ साली याच पाबळला आली. मुंबईत सोमय्या विद्याविहारच्या आवारात 'मेकर मेळा' भरला आहे. शाळाशाळांतली विज्ञान प्रदर्शनं तर आपल्या परिचयाचीच आहेत. तिथेही हेच घडतं. उद्घाटनाला पाहुणे येतात, फीत कापतात, फोटो निघतात आणि पाहुण्यांबरोबर निम्मी गर्दी निघून जाते. दुपारी तीन वाजता आपल्या पाणी-शुद्धीकरणाच्या प्रतिकृतीपाशी उभी असलेली आठवीतली मुलगी कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत असते. तिनं रात्र जागून पाठ केलेली माहिती तिच्या ओठांवरच राहते.

म्हणून शेवटची विनंती संयोजकांना नाही, तर तुम्हाआम्हाला. अशा कुठल्याही प्रदर्शनाला गेलात, तर प्रसिद्ध माणसाची रांग जरूर धरा, त्यात काही गैर नाही. पण परतण्यापूर्वी एका तरी अनोळखी मेजापाशी थांबा. यंत्र चालत नसेल, तर अधिकच थांबा. आणि मेजामागच्या माणसाला एवढंच विचारा, 'हे पहिल्यांदा कसं बिघडलं होतं?' मग एक खुर्ची ओढून बसा, कारण उत्तराला वेळ लागतो.